बावन्न पौंड

९ जानेवारी

भिंगरे,

तिन्ही रॅकेटी मिळाल्या. तिन्हींचं गटिंग झालं, बावन्न पौंडांच्या ताणाने तारा ओढल्या, आणि हे पत्र नेहमीसारखं मोठ्या कव्हरच्या आतल्या कप्प्यात कोंबलंय. मागच्या वेळी तुला ते चार दिवसांनी सापडलं होतं. आधी कप्पा बघत जा, मग रॅकेट घेऊन नाच. तुमच्या त्या अकादमीत फोन कुलपात ठेवतात, रविवारी दहा मिनिटं देतात, आणि ती दहा मिनिटं आई-बाबा खातात. तेव्हा आपल्या दोघींचं जे काही बोलणं व्हायचं ते या कव्हरातूनच.

आधी तारांचं. तुझं पत्र वाचायच्या आधी मी तुझ्या तारा वाचते, तुला माहीतच आहे. दोन रॅकेटींच्या तारा बरोबर मधोमध तुटल्यात. म्हणजे चेंडू जिथे बसायला हवा तिथे बसतोय. तिसरीची मात्र वर, टोकाकडे तुटलीय. तिथे तुला उशीर होतोय, आणि तो बॅकहँडलाच होतोय, पैज लाव.

आता तुझा प्रश्न. दोन्ही कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेत. आई तिथे कुणाला साधा पेला ठेवू देत नाही. एक कॉलेजचा : चार वर्षं शिक्षण, राहणं-खाणं आणि त्यांच्या टीमकडून टेनिस. दुसरा त्या कंपनीचा : तीन वर्षं कोच, प्रवास, सामान सगळं त्यांचं, पण तू आत्तापासून व्यावसायिक खेळाडू व्हायचं. तिथे सही केलीस की कॉलेजच्या टीमचं दार कायमचं बंद. बाबा डेपोतून आले की बसचा गणवेश न काढताच दोन्ही वाचतात आणि मला विचारतात, “तुला काय वाटतं गं?” जसं काही मी यातली शास्त्रज्ञ!

मला वाटतं, कॉलेजला जा. अठराव्या वर्षी मलाही असंच एका कॉलेजचं पत्र आलं होतं. मी ते नीट शेवटपर्यंत वाचलंसुद्धा नाही. बॅग उचलली आणि निघाले स्पर्धा खेळायला. चार वर्षं फिरले. सगळ्यात वरचा नंबर आला तो सहाशे बारा. बाविसाव्या वर्षी परत आले तेव्हा हातात ना पदवी ना ट्रॉफी. आता सत्तावीस पूर्ण, आणि खेळाच्या सामानाच्या दुकानात मागच्या खोलीत मशीनपुढे उभी राहून लोकांच्या रॅकेटींत तारा भरते.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. शहाणी हो.

ताई

•

२२ जानेवारी

ताई,

कप्पा आधी बघितला! आणि बॅकहँडचं अगदी बरोबर. शिट्टी सरांना (आमचे कोच, अंघोळीला जातानाही गळ्यातली शिट्टी काढत नसावेत) ते कळायला तीन आठवडे लागले, तुला एक तुटकी तार पुरली. मी त्यांना तसं म्हटलं तर म्हणाले, “मग तिलाच बोलाव, मी जातो घरी.”

पण ती म्हण तेवढी नको गं. पुढच्यास ठेच, पुढच्यास ठेच. तू परत आल्यापासून ऐकतेय. तुला ठेच लागली हे मला ठाऊक आहे. पण म्हणून मी त्या रस्त्याने जायचंच नाही का?

खरं सांगू? मला कंपनी हवीय. आणि भीतीही वाटते. म्हणून मी एक ठरवलंय. मार्चच्या मोठ्या स्पर्धेला कंपनीच्या बाई स्वतः येणार आहेत. त्यांनी सांगितलंय, उपांत्य फेरी गाठलीस तर करार पक्का. गाठली तर कंपनी. नाही गाठली तर कॉलेज, त्यांना एकतीस मार्चपर्यंत कळवायचं आहे. टेनिसचं काय ते टेनिसनेच ठरू दे. मग घरात कुणी कुणाला बोल लावायला नको.

त्या स्पर्धेसाठी चारही रॅकेटी तूच भरायच्यास. इथला गटिंगवाला चांगला आहे म्हणतात, पण त्याच्या हातची रॅकेट मला परकी वाटते, दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखी. बावन्न, ताई. एक कमी नाही, एक जास्त नाही.

हो, आणि एक गंमत. तुझ्या जुन्या मॅचचा व्हिडिओ मी सरांना दाखवला. दोनदा बघितला त्यांनी. म्हणाले, “हात हिचे चांगले आहेत, तुझ्यापेक्षाही. पण पाय तुझे चांगले. आणि टेनिस पायांनी खेळतात.” मी इथे सगळ्यांना सांगते, माझी ताई जगात सहाशे बारावी होती म्हणून. कुणाचा विश्वासच बसत नाही!

तुझी भिंगरी

•

१२ फेब्रुवारी

भिंगरे,

गंमत वाचली. फार हसले. शेजारच्यांना ऐकू जाईल इतकी.

सहाशे बारा सांगत फिरू नकोस. तुला वाटतं तू माझं कौतुक करतेस. अगं, ते ऐकणारा मनात काय म्हणतो माहीत आहे? म्हणतो, आणि मग काय झालं? त्या ‘मग’चं उत्तर मी रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना देते, तेवढं पुरे आहे. आणि तुझ्या त्या शिट्टीला सांग, माझ्या पायांची चौकशी करायची असेल तर बाविसाव्या वर्षी यायचं होतं, तेव्हा गुडघा सुजून भोपळा झाला होता.

घरची हालहवाल. फ्रिजवर माझा तो ट्रॉफीवाला फोटो होता ना, लाल चुंबकाखाली? परवा वर्तमानपत्रात तुझा फोटो आला. आईने कापला, आणि दुसरं चुंबक मिळेना म्हणून त्याच लाल चुंबकाखाली अडकवला. माझ्यावर. माझा काढला नाही हं, तो आहे खाली. फक्त माझा एक कान दिसतो. दूध काढायला दिवसातून सहादा फ्रिज उघडते आणि सहादा तो कान बघते.

आणि काल दुकानात एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी असेल बारा वर्षांची. मला म्हणाल्या, “तुम्ही भिंगरीच्या बहीण ना?” तुला आठवतं का, डेपोच्या मागच्या भिंतीवर आपण दोघी चेंडू मारायचो तेव्हा ड्रायव्हर लोक तुला विचारायचे, “तू ताईची धाकटी ना?” आणि तू छाती काढून हो म्हणायचीस. मीही काल हो म्हटलं. छातीचं काही जमलं नाही.

तुला वाटेल, हिच्या पोटात दुखतंय. काहीही मनात आणू नकोस. माझं जे गेलं ते मी माझ्या हाताने घालवलं, तुझ्यावर कशाला जळू? मी फक्त म्हणते, कॉलेजला जा. तुझ्या भल्याचं सांगते. दहा वर्षांनी कुणाच्या तरी मागच्या खोलीत उभी राहिलीस तर मला म्हणू नकोस की ताईने सांगितलं नाही.

पाठव चारही.

ताई

•

७ मार्च

भिंगरे,

चारही भरल्या. बावन्न. दांड्यावर चिकटपट्टी लावून आकडे लिहिलेत.

आई-बाबा बरे आहेत. रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी बाहेर गेले होते.

नीट खेळ.

ताई

•

२१ मार्च

ताई,

फोनवर आई-बाबांना सांगितलंच आहे, तुलाही कळलं असेल. उपांत्यपूर्व फेरीत हरले. तीन सेट, शेवटचा सात-पाच. समोरची मुलगी सुरेख खेळली. कंपनीच्या बाईंना भेटले, त्यांचे आभार मानले, त्या फार चांगल्या आहेत.

तेव्हा तू म्हणत होतीस तसंच. कॉलेज. अर्ज भरून ठेवलाय, पुढच्या आठवड्यात पाठवते. बाबांना बरं वाटलं असेल ना? फोनवर त्यांचा आवाज हलका झाला.

चारही रॅकेटी पाठवतेय. काही घाई नाही. जेव्हा जमेल तेव्हा भर. तारा मी काढूनच टाकल्यात, तुझं काम थोडं वाचेल.

फ्रिजवरचा माझा फोटो काढून टाकायला सांग आईला. नाहीतर मीच येऊन काढेन.

भिंगरी

•

२४ मार्च

भिंगरे,

हे पत्र कव्हरात नाही, पाकिटात आहे, कारण रॅकेटी मी भरलेल्या नाहीत. चारही माझ्या मशीनशेजारी तशाच पडल्यात, तारांविना, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

तू कधीही तारा काढून पाठवत नाहीस. मीच तुला शिकवलं होतं, तार तुटली की बाकीच्या लगेच काप म्हणजे फ्रेम वाकत नाही, पण काढू नकोस, मला वाचायच्या असतात. पाच वर्षं तू ते पाळलंस. आणि आता म्हणे काम वाचेल! मी फ्रेमच्या भोकांमध्ये बोट घालून घालून बघितलं, कुठे एखादा तुकडा राहिलाय का. एक नाही. पुसून ठेवल्यासारख्या चारही.

तेव्हा तुला कळलंय. आणि माझी लाज झाकावी म्हणून तू पुरावा काढून टाकलास. चोराच्या मनात चांदणं म्हणशील तर म्हण. पण मी आता सांगून टाकते, नाहीतर या मागच्या खोलीत वेडी होईन.

बावन्न नव्हते. छप्पन होते. चारही.

चुकून नाही. मशीनचा आकडा मी स्वतः वर केला. पहिली रॅकेट खरंच बावन्नला भरली होती. मग दुकानात मला भिंगरीची बहीण म्हणणारी ती बाई परत आली, तिच्या मुलीसाठी नवी रॅकेट घ्यायला, आणि म्हणाली, भिंगरीची आहे तशीच द्या. माझ्या हातात तेव्हा तुझीच होती. मुलगी त्या रॅकेटकडे अशी बघत होती की जणू देवाची मूर्ती. त्या गेल्या आणि मी पहिलीच्याही तारा कापल्या. मग चारही छप्पनला ओढल्या आणि वर चिकटपट्टीवर बावन्न लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

मला पुरतं ठाऊक होतं काय होईल. घट्ट तारांवर तुझा चेंडू आखूड पडणार, तू जोर लावणार, तिसऱ्या सेटला खांदा बोलायला लागणार. तिसऱ्याच सेटला हरलीस तू. फोनवर आईने सात-पाच म्हटलं तेव्हा मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. रडू आलं असं नाही. भिंगरे, आधी बरं वाटलं. तेच सांगायचं आहे. पहिल्यांदा बरं वाटलं, आणि मग स्वतःची शिसारी आली.

मी जळले तुझ्यावर. गेली दोन वर्षं जळतेय. कॉलेजला जा म्हणून जे काही शहाणपण तुला पाजलं ते सगळं खोटं नाही, पण त्याच्या तळाशी एकच होतं : मी जिथे पडले तिथून तू पार जाऊ नयेस. तू सहाशे अकरावी झालीस तरी मी संपले, असं वाटायचं.

आज चोवीस. एकतीसला अजून आठवडा आहे. मी कंपनीच्या बाईंना लिहिते, खरं काय ते सांगते, त्या तुला पुन्हा बघतील. माझं नाव जे व्हायचं ते होऊ दे. फक्त तो अर्ज पाठवू नकोस. आणि आई-बाबांना तू सांगायचं की मी, ते तू ठरव.

ताई

•

२८ मार्च

ताई,

बाईंना लिहू नकोस. काही उपयोग नाही, आणि तुझं हात दाखवून अवलक्षण होईल.

मला सरावाच्या पहिल्या चेंडूला कळलं. पहिल्या! तू भरलेली रॅकेट पाच वर्षं माझ्या हातात आहे, आणि तुला वाटलं मला चार पौंड कळणार नाहीत? मी इथल्या गटिंगवाल्याकडे गेले. त्याने ताण मोजायचा मीटर लावला. चौपन्नच्या वर काटा. म्हणाला, प्रवासात दोनेक उतरले असतील, भरताना छप्पन असणार. मी म्हटलं, चुकलं असेल. त्याने दुसरी लावली. तिसरी लावली. चौथी लावायला मी नको म्हटलं. माझी ताई एकदा चुकेल. चारदा नाही.

मी त्या दुकानाबाहेर पायरीवर बसून तुला इतक्या शिव्या दिल्या की विचारू नकोस. मग आत गेले आणि त्याच्याकडून चारही बावन्नला भरून घेतल्या. मॅच मी त्याच्या तारांवर खेळले, तुझ्या नाही. म्हणून काढून पाठवल्या. तुला त्याच्या गाठी दिसल्या असत्या. तू गाठ शेवटी डावीकडे घेतेस, तो उजवीकडे घेतो. तुझी लाज झाकायला नाही काढल्या, इतकी मी चांगली नाही. मला फक्त हा विषय निघायला नको होता.

तेव्हा ऐक. मी तुझ्यामुळे हरले नाही. ती मुलगी माझ्यापेक्षा चांगली खेळली म्हणून हरले. तुझ्यामुळे हरले असते तर किती बरं झालं असतं, जन्मभर शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं.

आता माझं खोटं. मॅच संपल्यावर कंपनीच्या बाई खाली आल्या आणि म्हणाल्या, “जिंकताना सगळ्याच चांगल्या दिसतात. मला तू हरताना बघायची होतीस. करार पक्का, एकतीसपर्यंत सही कर.” मी घरी सांगितलंच नाही. हरले म्हणून कॉलेज, एवढंच सांगितलं. कारण मला भीती वाटली, ताई. तुझी. तू चिडशील याची नाही, तुझ्यासारखी होईन याची. घरात तू डोळ्यांसमोर असताना मला धाडस कुठून येणार? हेवा तुलाच वाटतो असं समजू नकोस. मलाही तुझा वाटतो. तू बॅग उचललीस तेव्हा तुझ्यापुढे कुणी पडलेलं नव्हतं. तू बेधडक गेलीस. मला तर प्रत्येक पाऊल टाकताना तुझा गुडघा दिसतो.

अर्ज पाकिटात घालून ठेवला होता. तिकीटसुद्धा लावलं होतं. आणि मग तुझं पत्र आलं.

ते मी चारदा वाचलं. पहिल्यांदा संताप आला. चौथ्यांदा एक गोष्ट कळली. बाबांना वाटतं मी कॉलेजला सुखी होईन. आईला वाटतं पोरगी जिथे जाईल तिथे जेवून खाऊन बरी असावी. शिट्टी सर म्हणतात बघू. मी जिंकेनच असं या जगात फक्त एका माणसाला वाटलं, इतकं पक्कं वाटलं की तिला चार रॅकेटी बिघडवाव्या लागल्या.

आज सकाळी, बाईंनी इथे हातात दिलेल्या कंपनीच्या कागदावर सही केली.

माझ्या चारही रॅकेटी परत पाठव. भरू नकोस. यापुढे मी इथेच भरून घेईन. आई-बाबांना सही झाल्याचं मी रविवारी सांगते. बाकीचं सांगणार नाही. तूही सांगू नकोस, तुला हलकं वाटावं म्हणून त्यांना जड करू नकोस.

भिंगरी

•

१९ मे

भिंगरे,

सात आठवडे तुझं पत्र नाही. साहजिक आहे, रॅकेटी नाहीत तर कव्हर नाही, आणि कव्हर नाही तर आपलं बोलणं नाही. साध्या पाकिटातून लिहायला बसले तीनदा. “पत्रास कारण की” इथपर्यंत आले आणि पुढे कारण सापडेना.

काल कुरिअरवाला एक रॅकेट टाकून गेला. एकच. कप्पा आधी बघितला. पत्र नव्हतं. कव्हरच्या चेनला चिठ्ठी अडकवली होती : “बावन्न. इथे मोजून घेणार आहे.”

मोज. जरूर मोज. दर वेळी मोज, आणि मोजल्याशिवाय कोर्टवर जाऊ नकोस. मी तुझ्या जागी असते तर रॅकेटच पाठवली नसती.

तारा होत्या या वेळी. मी भरायच्या आधी दिव्याखाली धरून बघितल्या. गाठ उजवीकडची, त्या तुझ्या गटिंगवाल्याची. माणूस कामाला नेटका आहे, नावं ठेवायला जागा नाही, त्याचाही मला राग आला. तार बरोबर मधोमध तुटलीय. टोकाकडे एक खूणसुद्धा नाही. म्हणजे बॅकहँड सुधारला. कुणी सुधारला, तुझ्या शिट्टीने की नव्या कोचने, ते कळव. कळवलं नाहीस तरी पुढच्या तारेवरून मला कळेलच.

घरी फ्रिजवर आता तुझे तीन फोटो आहेत. मी दुकानातून दुसरं चुंबक आणलं आणि माझा वेगळा लावला, खाली, कोपऱ्यात. पूर्ण चेहरा दिसतो. आई म्हणाली, “अगोबाई, हा कुठे होता इतके दिवस?” मी म्हटलं, खालीच होता.

मी बदलले वगैरे काही समजू नकोस. परवा बाबांनी तुझा नंबर वाचून दाखवला. सातशे चार. मी लगेच मनात वजाबाकी केली : माझ्यापासून ब्याण्णव. तू सहाशे अकरावर येशील त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून डेपोच्या मागे जाईन आणि भिंत फुटेपर्यंत चेंडू मारेन. गुडघा गेला खड्ड्यात. मग संध्याकाळी येऊन तुझी रॅकेट भरेन.

ही भरलीय. मशीनवर आकडा लावला, दोनदा तपासला, मग दुकानात रॅकेट घेऊन आलेल्या त्या बारा वर्षांच्या मुलीला बोलावलं आणि म्हटलं, हा आकडा मोठ्याने वाच. तिने वाचला.

बावन्न.

ताई